सीनेच्या पुरात रान खरडून गेलं. गेलेली माती परत उभी राहते का?

माढेकर (धागाकर्ता)

माढा तालुक्यात सीना नदीच्या काठाला आमचं साडेचार एकर रान आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात त्यातलं खालच्या अंगाचं दोन एकर खरडून गेलं. पीक गेलं तर माणूस पुढच्या हंगामावर भिस्त ठेवतो. इथं पीक ज्यात उभं होतं तेच गेलं. जिथं पावसाळ्यात पाय टाकला की पोटरीपर्यंत रुतायचा, तिथं आता मुरूम उघडा पडलाय आणि त्यात चुनखडीचे पांढरे खडे दिसतात. ठिबकच्या नळ्या बाभळीत अडकल्यात. वरच्या कोपऱ्यात वेगळंच, तिथं वाळू आणि गोटे येऊन बसलेत.

आमच्या वरच्या अंगाला चुलत्यांचं रान आहे. तेच पाणी त्यांच्याही रानातून गेलं. त्यांची माती मात्र जागेवर आहे आणि वर बोटभर गाळ बसलाय. त्यांच्या बांधावर करंज, बाभळी, निर्गुडी आणि दाट गवत आहे. आमच्या बाजूचा काठ उघडा आहे.

तर प्रश्न असा. गेलेली माती बाहेरून आणून रान उभं करता येतं का? किती वर्षं लागतात? आणि पुढचा पूर आला तर आणलेली मातीही जाणार नाही, यासाठी आधी काय करावं? गावात प्रत्येक जण वेगळं सांगतोय. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांचं ऐकायचंय.

कोरडवाहू

वाचून वाईट वाटलं दादा. पंचनामा झाला का? आणि सरासरी किती खोल खरडलंय ते सांगा. चार बोटं जाणं वेगळं आणि दोन फूट जाणं वेगळं.

माढेकर

पंचनामा झालाय. सरासरी फूटभर धरा. एका ठिकाणी प्रवाह घुसून घळ पडली आहे, तिथं कमरेइतकं खोल गेलंय.

अभियंता७२

मी मृदसंधारणाच्या कामातून निवृत्त झालो आहे. सविस्तर लिहितो, कारण आकडे समोर असल्याशिवाय नियोजन होत नाही.

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर एक फूट माती म्हणजे ४३,५६० घनफूट. ब्रास १०० घनफुटांचा, म्हणजे एकरी साधारण ४३६ ब्रास. ट्रॉलीत एक ब्रास धरला तर एकरी चारशेच्या वर ट्रॉल्या होतात. वजनात हे १,६०० टनांच्या आसपास जातं.

आता याची दुसरी बाजू. ध्रुवनारायण आणि रामबाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये देशाचा हिशोब मांडला होता. वर्षाला ५३३ कोटी टनांहून जास्त माती पाण्याने हलते, हेक्टरी सरासरी १६.३५ टन. त्यातली साधारण २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते आणि उरलेली एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी पडते. या सरासरी वेगाने तुमची फूटभर माती जायला जवळपास अडीचशे वर्षं लागली असती. ती एका पुरात गेली.

पण माझं म्हणणं असं की पुराकडे सगळ्यांचं लक्ष जातं, रोजच्या धुपेकडे जात नाही. हेक्टरी १६ टन म्हणजे वर्षाला सव्वा मिलिमीटरचा थर. डोळ्याला काहीच दिसत नाही. वीस वर्षांत एक इंच जातो. हिला आम्ही सालकाढी धूप म्हणतो. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला नऊ मीटर वेगाने उघड्या ढेकळावर आदळतो, ढेकूळ फुटतं, बारीक कण जमिनीची छिद्रं बुजवतात आणि वर खपली धरते. मग पाणी मुरत नाही, पळतं. पळताना सगळ्यात आधी चिकणमाती आणि सेंद्रिय अंश नेतं, कारण तेच हलकं असतं. मागे राहते ती भरड. पुढे बोटाएवढे ओघळ पडतात. कुळवाने ते बुजतात म्हणून शेतकरी निर्धास्त राहतो. एखाद्या वर्षी त्यातलाच एक ओघळ घळ होतो.

तुमच्या रानात पुराने जो मार्ग धरला तो बहुतेक जुन्या ओघळीचाच असेल. नीट आठवून बघा.

माढेकर

काका, बरोबर आहे. घळ पडली तिथं पूर्वी पावसाळ्यात पाणी उतरायची वाट होती. वडील तिला पाणवाट म्हणायचे. सपाटीकरणात ती बुजली.

रब्बीची_ज्वारी

मी मंगळवेढ्याकडची. आमच्याकडे ज्वारी पावसावर येत नाही, जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. म्हणून आम्हाला मातीची खोली म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. फूटभर चांगली काळी माती पिकाला घेता येईल असं ४५ ते ६० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. एकरी दोन लाख लिटर. तुमच्या दोन एकरांतून मातीबरोबर चार लाख लिटरची टाकीसुद्धा गेली, आणि ती दरवर्षी भरणारी होती.

हे मी मुद्दाम लिहितेय. नुकसान मोजायला माणसं येतात तेव्हा पिकाचं मोजतात, खताचं मोजतात. ही ओल कुणी मोजत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा सगळा डोलारा खोल काळ्या रानावर उभा आहे. त्याच शिवारात उथळ रानातली ज्वारी कणीस भरायच्या वेळी मान टाकते. बांधाच्या अलीकडे पलीकडे बघितलं तरी फरक कळतो.

आता अनुभवाचं. आमच्या भावकीत एकांनी मुरमाड रानावर तलावातला गाळ टाकला. पहिल्या वर्षी हरभरा पिवळा पडला, केवडा पडल्यासारखा. दुसऱ्या वर्षी हिरवळीचं खत म्हणून ताग गाडला. तिसऱ्या वर्षी ज्वारी उभी राहिली, अगदी शेजारच्या जुन्या रानासारखी नाही पण कडबा पुरुषभर उंच झाला. म्हणजे होतं. वेळ लागतो.

हस्ताचा_पाऊस

चुलत्यांच्या बांधावरचं गवत कोणतं आहे? हरळी असेल तर आमच्याकडून न्या. कितीही न्या. आमची आजी म्हणायची, हरळीला निरोप देता येतो, घालवता येत नाही.

माढेकर

हरळी आहे, मारवेल आहे, आणि नदीकडच्या कडेला वाळ्याची बेटं आहेत. कुणी मुद्दाम लावली की आपोआप आली ते चुलत्यांनाही सांगता येत नाही.

अभियंता७२

वाळा! मग उत्तर मिळालं. त्याच्या मुळ्या आडव्या पसरत नाहीत, सरळ खाली जातात, दहा फुटांपर्यंतसुद्धा. वर ताठ पात्यांची दाट भिंत होते. पाणी त्यातून गाळून पुढे जातं आणि माती अलीकडे बसते. पाण्याचा वेग निम्मा झाला की त्याचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. चुलत्यांच्या रानात बोटभर गाळ बसला, कारण तिथं पाणी सावकाश झालं. तुमच्याकडे उघडा काठ सापडल्यावर त्याने वेग धरला.

माथा_ते_पायथा

हे सगळं बरोबर आहे, पण एका गोष्टीवर कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. वरच्या भागातले ओढे गेल्या दहा वर्षांत पोकलेन लावून खोल, रुंद आणि सरळ केले गेले. जलयुक्त शिवार डिसेंबर २०१४ मध्ये आलं तेव्हा कागदावर त्यात सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), बांधबंदिस्ती, माती नालाबांध असं सगळं होतं. प्रत्यक्षात गावोगाव दिसलं ते खोलीकरण. का? पोकलेनचं काम आठ दिवसांत उरकतं, फोटो चांगला येतो, बिल लवकर निघतं. चर खणायला मात्र माथ्यावर जावं लागतं आणि माणसं लागतात.

ओढ्याचं वळण काढलं, काठची झाडं काढली, तळातली वाळू आणि गोटे उचलले की पाणी नदीला पोचायला लागणारा वेळ घटतो. सगळे ओढे एकाच वेळी नदीत ओतले की खालच्या शेतकऱ्याच्या रानात पूर येणारच. "धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबवा, थांबलेल्याला जिरवा" हे आपण भिंतीवर रंगवलं आणि ओढ्यांत नेमकं त्याच्या विरुद्ध केलं.

खानदेशी_भरीत

एवढं सरसकट नको भाऊ. मी शिरपूर तालुक्यातला आहे. सुरेश खानापूरकरांनी आमच्याकडे नाले खोल केले आणि त्यावर ओळीने बंधारे घातले, त्यानंतर विहिरींना पाणी आलेलं आम्ही डोळ्यांनी बघितलंय. खोलीकरण म्हणजे पापच असं म्हणू नका.

माथा_ते_पायथा

शिरपूरला तापीच्या गाळाचा जाड थर आहे, तिथं खोल गेलं की पाणी जिरायला वाट मिळते. सोलापूर, बीडकडे थोडं खाली गेलं की काळा पाषाण लागतो. आणि तुमच्याकडे बंधाऱ्यांची साखळी होती, तुम्हीच लिहिलंत. इथं नुसती खोदाई झाली. एका ठिकाणचा उपाय सगळ्या जिल्ह्यांना लावला याला माझा विरोध आहे, शिरपूरला नाही.

खानदेशी_भरीत

हे मान्य. तापीकाठच्या घळी बघितल्या की गाळाच्या जमिनीचं दुसरं रूपही कळतं. एकदा पाण्याने वाट धरली की घरभर खोल घळी पडतात, त्यात गुरंसुद्धा उतरवत नाहीत.

कोरडवाहू

प्रवरेच्या काठालाही तशाच घळी आहेत, संगमनेरकडे.

ग्वाल्हेरकर

घळींचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या किती तरी पिढ्या ग्वाल्हेरात गेल्या, घरात मराठी, बाहेर हिंदी. मुरैना आणि भिंडच्या बाजूला चंबळेच्या बीहडात उभं राहिलं की पाणी जमिनीचं काय करू शकतं ते एका नजरेत येतं. नदीच्या गाळाची सपाट सुपीक जमीन चालत चालत जाते आणि अचानक संपते. पुढे मैलोगणिक मातीचे सुळके आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या घळी. घळ नदीकडून शेताकडे मागे मागे सरकते. तिचं टोक दर पावसाळ्यात थोडं ढासळतं आणि शेताचा तेवढा तुकडा कमी होतो. गावंसुद्धा मागे सरकली आहेत.

माढेकरांना एकच सांगणं. घळीचं टोक आधी पकडा. खाली कितीही भराव टाका, टोकावर पाणी पडत राहिलं तर घळ वर चढणार. आमच्याकडे बुलडोझरने घळी बुजवून शेतं केलेली आहेत आणि पुढच्या पावसाळ्यांत त्याच जागी पुन्हा फाटलेलीही बघितली आहेत, कारण वरून येणारं पाणी कुठं जाणार हे कुणी ठरवलंच नव्हतं. १९८० च्या सुमारास हवाई जहाजातून विलायती बाभळीचं बी टाकलं गेलं. झुडपं वाढली, पण ती आता सगळीकडे झाली आहेत आणि देशी झाडाला जागा राहिली नाही. त्यामुळे काय लावायचं तेही बघून लावा.

अभियंता७२

ग्वाल्हेरकरांचा मुद्दा शंभर टक्के. टोकाला वळणचर काढून पाणी बाजूने न्यायचं, आणि घळीत खालून वर असे छोटे दगडी बांध घालत यायचं. एकच मोठा बांध घालू नका, तो पहिल्या पावसात बाजूने कापला जातो.

पऱ्याकाठ

आम्ही दापोलीचे. तुमच्या फूटभर मातीचं ऐकून मन हललं, पण कोकणातल्या वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर मुळात किती माती असते ते बघायला या. जांभ्यावर वीतभर लाल माती, त्यावर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि खाली उतार. पूर्वी त्यावर नाचणी आणि वरी घ्यायचे. दोन-तीन वर्षं पीक घ्यायचं आणि मग जमीन टाकून द्यायची, म्हणजे झुडपं परत धरायची. आता डोंगर जेसीबीने उघडे करतात, कुठं बागेसाठी, कुठं प्लॉटसाठी. पहिल्या पावसात पऱ्या, म्हणजे आमचा ओढा, लाल होतो. ज्या पऱ्याच्या वर रान शाबूत आहे तो भर पावसातही नितळ वाहतो. एकाच गावात दोन्ही पऱ्ये आहेत आणि मी ते दर जूनमध्ये बघतो.

ती लाल माती जाते कुठं? खाडीत. तिथं बसते आणि खाडी उथळ होते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा वाशिष्ठीच्या गाळावर सगळे बोलले, पुढे गाळ उपसायचं कामही झालं. पण गाळ येतो तिथं कुणी गेलं नाही.

आर्द्रा

त्याच दिवशी तळीयेची दरडही कोसळली होती. ती पण धूपच का? २०१४ चं माळीण, २०२३ ची इर्शाळवाडी, सगळं एकच आहे का?

अभियंता७२

नाही ताई. धुपेत पाणी वरची माती कणाकणाने नेतं. दरडीत पाणी आत मुरतं, माती जड होते, खालच्या खडकावरची पकड सुटते आणि उतार एकदम खाली येतो. उपायसुद्धा वेगळे आहेत. म्हणूनच फार तीव्र उतारावर पाणी जिरवण्याचे चर खणू नयेत, तिथं पाणी बाहेर काढून द्यावं लागतं. एकच औषध सगळ्या डोंगरांना लागत नाही.

निफाडची_द्राक्षं

पऱ्याकाठ यांच्या मुद्द्याला जोडून. आमच्याकडे गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा शंभर वर्षांपूर्वीचा बंधारा आहे. पाणी साठवायला बांधला. वरच्या रानांतली माती येत गेली, बसत गेली, त्यावर गवत आणि पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. पक्षी बघायला आम्हीही जातो, आनंद वाटतो. पण तो सगळा गाळ कुणाच्या तरी वावरातला आहे हेही तिथं उभं राहिल्यावर डोक्यात येतं. आमच्या आजोबांचा थोडा असेलच त्यात.

हस्ताचा_पाऊस

मग सातबारा घेऊन पक्ष्यांकडे जावं लागेल!

वावरातला

वऱ्हाडातून लिहून राहिलो. इथं लोकांनी पूर, ओढा, डोंगर सगळं काढलं, धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, कोणी काढलंच नाही. आमच्याकडे धुरे गेले. जमीन वाटली, वाटली, अन् धुरा अरुंद होत गेला. शेजारी दर पेरणीला एक तास (नांगराची एक रेघ) इकडं सरकते, आपण एक तास तिकडं सरकतो, अन् मधात उरते फक्त भांडण.

दुसरी गोष्ट ट्रॅक्टर. बैलजोडीवाला आडवा पेरत होता, कारण चढावर बैल दमते. ट्रॅक्टरवाल्याला लांब तास पाहिजे, वळणं कमी पाहिजे, म्हणून तो उताराच्या दिशेने उभा चालते. प्रत्येक तास म्हणजे पाण्याला काढून दिलेली नाली. भाड्याने तासावर ट्रॅक्टर लावला की त्याला आडवं चाल म्हणून सांगायची सोय नाही, तो म्हणते डिझेल तू दे. हे मी तक्रार म्हणून नाही सांगत, हे असंच आहे. पण उताराला आडवी पेरणी हा बिनपैशाचा उपाय आहे अन् तोच आपण सोडला. आमच्या गटानं सोयाबीन रुंद वरंबा सरीवर घेणं सुरू केलं. जास्त पाऊस झाला तर सरीतून पाणी निघते, कमी झाला तर सरीत मुरते. पेरणीयंत्र गटात मिळून घेतलं तर परवडते.

माळरानावर

वावरातला यांना +१. बांध कोरण्याची भांडणं मिटली तर निम्मी धूप थांबेल असं मला मनापासून वाटतं.

आणि बांधबंदिस्ती ही काही आजची कल्पना नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये सरकारला सुचवलं होतं की लष्करातल्या रिकाम्या शिपायांकडून डोंगरटेकड्यांच्या बाजूने ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाणारं कुजलेल्या पानांचं खत शेतात मुरेल. पुढे १९३० च्या दशकात सोलापूरच्या कोरडवाहू केंद्रात धूप मोजायला सुरुवात झाली, १९४२ मध्ये मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा आला आणि सरकारी बांध पडू लागले. १९७२ च्या दुष्काळात तर आमच्या आईवडिलांनी बांधांवर दगड फोडलेत. ते बांध आज कुठं आहेत ते बघायला आपल्या शिवारात एक चक्कर मारा.

रब्बीची_ज्वारी

माळरानावर, ते बांध फुटले आणि काही लोकांनी मुद्दाम फोडले, हेही लिहायला हवं. भारी काळ्या रानात समपातळी बांध (सगळा एकाच पातळीतला) घातला की पाणी बांधाला तटून राहतं, रान चिबडतं, पेरणी होत नाही. शेतकरी मग कुदळ घेऊन बांध फोडणारच. त्यात त्याचा दोष नाही.

अभियंता७२

ताई बरोबर बोलताहेत. समपातळी बांध हलक्या आणि मध्यम जमिनीला, कमी पावसाच्या भागात. खोल काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरतं, तिथं ढाळीचे, म्हणजे किंचित उतार दिलेले बांध हवेत आणि ते पाणी गवत राखलेल्या पाणवाटेत सोडायला हवं. माढेकरांच्या वडिलांची पाणवाट हीच होती.

माढेकर

सगळ्यांचे आभार. खूप शिकायला मिळालं. आता मूळ प्रश्नावर येऊ. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंत असं आहे. त्यात हे बसतं का? आणि क्रम काय ठेवू?

कोरडवाहू

हिशोब करून बघितला. दोन्ही मिळून हेक्टरी ३ लाख ४७ हजार, म्हणजे एकरी १ लाख ४० हजारांच्या आसपास. काकांच्या ४३६ ब्रासने भागलं तर ब्रासला ३२० रुपये पडतात. त्यात गाळ उकरणं, भरणं, वाहतूक, पसरणं सगळं आलं. तलाव बांधाला लागून असेल तर गोष्ट वेगळी, एरवी फूटभर माती या पैशात येणार नाही. माझं स्पष्ट मत आहे की मदत हेक्टरवर न देता किती खोल खरडलं यावर द्यायला हवी. चार बोटं गेलेल्याला आणि कमरेइतकं गेलेल्याला एकच आकडा हा अन्याय आहे.

अभियंता७२

म्हणून फूटभर परत आणायचा हट्ट धरू नका. क्रम सांगतो.

पैसे आले की आधी पाणवाट मोकळी करा आणि घळीचं टोक बांधा. माती त्यानंतर. हे पावसाळ्याआधी झालंच पाहिजे.

नदीकडची वीस-पंचवीस फुटांची पट्टी पिकातून काढा. तिथं वाळुंज, करंज, जांभूळ, बांबू आणि वाळ्याच्या दोन ओळी. पट्टी सोडवत नाही, मला माहीत आहे, पण ती सोडली नाही तर नदी स्वतःच घेईल.

मग गाळ. तीन-चार इंचांवर जाऊ नका. एकरी एका इंचाला ३६ ब्रास लागतात. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनेतून जवळच्या तलावाचा गाळ मिळतो का ते विचारा. आणायच्या आधी सामू (पीएच) आणि क्षार तपासून घ्या, सामू साडेआठच्या वर असेल तर आणू नका. उन्हाळ्यात पसरा आणि कुळवाने खालच्या मुरमात मिसळा. नुसता थर ठेवला तर पहिल्या पावसात वर खपली धरतो.

पहिल्या पावसावर ताग, एकरी २०-२५ किलो, फुलावर आला की गाडा. चुनखडी उघडी पडलेल्या जागी जस्त आणि लोह कमी पडतं, तोच रब्बीची_ज्वारी यांनी सांगितलेला केवडा. तिथं शेणखत जास्त द्या. ऊस इतक्यात नको.

रब्बीची_ज्वारी

आणि पहिल्या वर्षी उत्पन्नाचा विचारच करू नका. तूर, मटकी, हुलगा असलं काही तरी टाका, जमीन झाकलेली राहील. मृगापासून हस्तापर्यंत रान उघडं ठेवायचं नाही एवढं पाळा. उरलेल्या अडीच एकरांतल्या उसाचं पाचट असेल तर ते जाळू नका, खालच्या दोन एकरांत आडवं अंथरा.

माढेकर

पाचट आहे, भरपूर आहे. चुलत्यांशी बोललो, ते वाळ्याची ठोंबं द्यायला तयार आहेत. कधी आणि किती अंतरावर लावू? आणि ती वाळू आणि गोटे आलेत त्याचं काय करू? एक जण वाळू विकत न्यायला तयार आहे.

पऱ्याकाठ

ठोंबं मृगाचा पाऊस लागला की लावा, दोन ठोंबांत चार ते सहा बोटांचं अंतर. विरळ लावलं तर मधून पाणी वाट काढतं. पहिली दोन वर्षं गुरांपासून राखा आणि मेलेली ठोंबं बदला.

कोरडवाहू

वाळू मात्र अशीच बाहेर जाऊ देऊ नका. रानात आलेली असली तरी ते गौण खनिज आहे. तलाठ्यांना आणि तहसीलला लेखी कळवून परवानगी घ्या, नाहीतर ट्रॅक्टर अडकेल आणि दंड तुमच्या नावावर बसेल.

अभियंता७२

गोटे विकू नका, तुम्हालाच लागणार आहेत. मोठे दगड घळीतल्या बांधांना आणि पाणवाट नदीत उतरते तिथं सांडव्याला वापरा. सांडव्याच्या तळाला आधी मुरूम दाबा, त्यावर लहान दगड आणि वर मोठे, मधला भाग कडांपेक्षा हातभर खाली ठेवा म्हणजे पाणी बाजूला न फुटता मधूनच जाईल. काम सुरू केलंत की फोटो टाका, उताराचा अंदाज घेऊन बांधांमधलं अंतर सांगतो.